झूट सूट

झूट सूट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ ते १९४५ च्या सुमारास कृष्णवर्णीय, मेक्सिकन-वंशीय व इतर अल्पसंख्य समाजांतील तरुणांत रूढ झालेला पुरुषी पोशाख. गुडघ्यापर्यंत येणारा, खांद्यांत भर घातलेला सैल कोट आणि वर घेरदार पण घोट्यापाशी आवळलेली विजार ही त्याची मुख्य लक्षणे होत. मोठ्या शहरांतील नृत्यगृहे आणि तेथे वाजणारे जॅझ संगीत [⟶ जॅझ] यांच्या सान्निध्यात हा पोशाख घडला. त्याला कोणी एक निर्माता नव्हता व कोणत्याही चळवळीचे ते अधिकृत चिन्हही नव्हते. तथापि १९४३ साली लॉस अँजेल्समध्ये तो अंगावर आहे एवढ्याच कारणाने शेकडो तरुणांना मारहाण झाली आणि नगरपरिषदेने तो घालणे गुन्हा ठरविण्याचा ठराव संमत केला. त्यामुळे पोशाखाच्या इतिहासाइतकेच वंशसंबंधांच्या इतिहासातही झूट सूटला स्थान मिळाले.

नाव : ‘झूट’ हा शब्द न्यूयॉर्कच्या हार्लेम विभागातील जॅझ वादकांच्या बोलीतून आला. यमके जुळवीत, शब्द मुरडीत बोलण्याची या मंडळींना हौस होती. ‘सूट’ या शब्दाशी यमक साधताना ‘झूट’ हा शब्द निघाला असावा, असे सामान्यतः मानतात. अतिशयित, मर्यादेबाहेर नेलेले असा त्याचा आशय होता. प्रसिद्ध गायक व वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे याने १९३८ मध्ये या बोलीचा एक छोटा कोशही प्रसिद्ध केला होता. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-वंशीय तरुण मात्र आपल्या पोशाखाला बहुधा ‘ड्रेप’ म्हणत. ‘झूट-सूटवाले’ हे नाव त्यांना मुख्यतः वृत्तपत्रांनी चिकटविले आणि पुढे ते गुंड या अर्थी सर्रास वापरले जाऊ लागले.

स्वरूप : झूट सूटचा कोट रुंद खांद्यांचा, कमरेशी किंचित आत घेतलेला आणि तेथून खाली मोकळा सुटणारा असे. लॅपल रुंद असत. विजार कमरेच्या बरीच वर, काही वेळा जवळजवळ छातीपर्यंत चढविलेली असून ती गॅलिसांनी तोलून धरली जाई. कमरेशी खोल चुण्या, गुडघ्याशी भरपूर घेर आणि घोट्याशी पाऊल जेमतेम निघेल इतकी अरुंद कड, अशी तिची रचना होती. मॅल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्याने आपल्या आत्मचरित्रात (१९६५) बॉस्टन येथे तरुणपणी उधारीवर घेतलेल्या पहिल्या झूट सूटचे वर्णन केले आहे. त्याची आकाशी रंगाची विजार गुडघ्याशी ३० इंच (सु. ७६ सेंमी.) व घोट्याशी १२ इंच (सु. ३० सेंमी.) होती.

रुंद कडेची हॅट, तीत खोवलेले पीस, टोकदार किंवा जाड तळाचे बूट आणि विजारीवरून गुडघ्याखाली लोंबणारी घड्याळाची साखळी यांनी हा पोशाख पूर्ण होई. केशरचना हाही त्याचाच भाग होता. कृष्णवर्णीय तरुण तीव्र रासायनिक लेप लावून कुरळे केस सरळ करीत, तर मेक्सिकन-वंशीय तरुण केस लांब वाढवून मागे बदकाच्या शेपटीच्या आकारात विंचरीत. तरुणींचाही स्वतःचा असा एक वेश होता : लांब कोट, गुडघ्यापर्यंतचा किंवा त्याहून आखूड घागरा, कपाळावर उंच चढविलेला केसांचा फुगा आणि ओठांवर गडद रंग. काही तरुणी पुरुषांप्रमाणे संपूर्ण झूट सूटच घालीत.

उगम : या पोशाखाचे पितृत्व अनेकांकडे देण्यात आले आहे. शिकागोचा कापडव्यापारी व वादक हॅरल्ड फॉक्स, मेंफिसचा शिंपी लुई लेट्स, डिट्रॉइटचा दुकानदार नेथन एल्कस ही त्यांपैकी काही नावे. जॉर्जिया राज्यातील एका कृष्णवर्णीय कामगाराने १९४० मध्ये तसा सूट शिवून घेतल्याची हकिगत १९४३ च्या वृत्तपत्रांत गाजली होती. यांपैकी कोणताही एक दावा निर्णायक मानला जात नाही. तत्पूर्वी लंडनचा शिंपी फ्रेडरिक शोल्टे याने छातीवर व खांद्यांवर कापडाला सैल झोळ देणारा ‘ड्रेप’ बेत प्रचारात आणला होता. प्रिन्स ऑफ वेल्सच्या (पुढे ड्यूक ऑफ विंडझर) वापरामुळे तो अमेरिकेतही प्रतिष्ठित झाला. या राजमान्य बेताची परिमाणे वाढवीत वाढवीत टोकाला नेली, की झूट सूट तयार होतो.

ही वाढ एका शिंप्याने नव्हे, तर गिऱ्हाईक, शिंपी आणि नर्तक यांच्या परस्पर चढाओढीतून झाली. आपला कोट मित्राच्या कोटापेक्षा दोन बोटे लांब असावा, असे ज्याला त्याला वाटे. शिंपी ते करून देई आणि पुढच्या शनिवारी तो नमुना नृत्यगृहातील शेकडो डोळ्यांसमोर येई. प्रचलित वेशाचे मोडून न टाकता केलेले हे विडंबन, म्हणजे प्रतिष्ठितांचाच सूट घेऊन त्यातील प्रत्येक अंगाला दिलेला अतिरेकी आकार, हे झूट सूटचे कलात्मक वैशिष्ट्य म्हणता येईल. जॅझ वादक एखादी परिचित चाल घेऊन तिच्यावर स्वतःची आलापी करतो, त्याच्याशी या पद्धतीचे साम्य आहे.

नृत्यगृहे : झूट सूटचे खरे घर रात्रीचे नृत्यगृह हे होते. हार्लेममधील लेनॉक्स मार्गावरील ‘सव्हॉय बॉलरूम’ (१९२६–५८) हे त्यांतील सर्वांत विख्यात. अमेरिकेत अन्यत्र वर्णभेद कडकपणे पाळला जात असताना येथे कृष्णवर्णीय व गौरवर्णीय एकाच फरशीवर नाचत. ‘लिंडी हॉप’ हे जोडीने करावयाचे वेगवान नृत्य याच वातावरणात फुलले. विजारीचा घेर उड्या मारताना व पाय फेकताना मोकळीक देई, तर घोट्याशी आवळलेली कड टाचेत अडकत नसे. गिरकी घेताना कोटाचा खालचा भाग आणि साखळी यांनी नर्तकाभोवती एक वर्तुळ उमटे. उभ्या असलेल्या माणसापेक्षा नाचणाऱ्या माणसाच्या अंगावरच या पोशाखाचा बेत उलगडत असे.

हा पोशाख करणारे बहुतेक तरुण दिवसा हमाल, हॉटेलांतील पोऱ्ये, बूटपॉलिशवाले, शेतमजूर वा कारखान्यांतील अकुशल कामगार होते. दिवसाचा त्यांचा वेश मालकाने ठरविलेला असे. अनेक उपाहारगृहे, पोहण्याचे तलाव आणि चित्रपटगृहांतील चांगल्या जागा त्यांना बंद होत्या. स्वतःची निवड दाखविता येईल अशा गोष्टी त्यांच्यापाशी फार थोड्या होत्या : अंगावरचे कापड, केस, चाल आणि बोली. त्या सर्वांना घाट देऊन रात्री सर्वांसमोर मिरविणे, हा त्यांच्या सर्जनशीलतेचा एक मार्ग होता. त्याची किंमतही मोठी असे. कित्येक आठवड्यांची मजुरी एका सूटवर खर्च होई किंवा तो हप्त्याने घ्यावा लागे. कॅलोवेने स्टॉर्मी वेदर (१९४३) या चित्रपटात घातलेला झळझळीत पांढरा झूट सूट या पोशाखाच्या वैभवकाळाचे उत्तम दर्शन घडवितो. मात्र त्याच वर्षीच्या वसंतात न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी अनैतिकतेचे कारण दाखवून ‘सव्हॉय’ काही महिने बंद ठेविले. मिश्र वर्णांचे नृत्य हेच त्यामागील खरे कारण असल्याचा आरोप हार्लेममधील पुढाऱ्यांनी केला.

युद्धकालीन निर्बंध : डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. मार्च १९४२ मध्ये युद्धोत्पादन मंडळाने लोकरी कापडाच्या वापरात सु. २६ टक्के कपात करण्याच्या उद्देशाने पुरुषी सूटच्या शिलाईवर निर्बंध घातले. कोटाची लांबी, विजारीचा घेर, चुण्या व दुमडी यांना मर्यादा घालण्यात आल्या. त्यांत झूट सूट बसणे शक्य नव्हते. नामांकित कारखान्यांनी तो बनविणे थांबविले. पण लहान शिंप्यांकडे तो चोरून शिवला जात राहिला आणि जुने सूटही वापरात होते. जो पोशाख काल केवळ विचित्र वाटत होता, तो आता देशद्रोही ठरू लागला. वस्तुतः मेक्सिकन-वंशीय तरुण मोठ्या संख्येने सैन्यात दाखल होत होते आणि अनेक घरांत एक भाऊ गणवेशात, तर दुसरा झूट सूटमध्ये असे. दुसऱ्या बाजूने, सैन्यभरती टाळण्यासाठी या वेशाचा बुद्धिपुरस्सर उपयोग करणारेही होते. आपण भरतीच्या तपासणीला अत्यंत भडक झूट सूट घालून गेलो होतो, असे मॅल्कम एक्सने नमूद केले आहे.

लॉस अँजेल्समधील घटना : एल पासो या सीमावर्ती शहराच्या परिसरातून आलेली ‘पाचूको’ ही संज्ञा लॉस अँजेल्समधील झूट सूट घालणाऱ्या मेक्सिकन-वंशीय तरुणांना लावली जाई. ‘कालो’ ही स्पॅनिश व इंग्रजी यांच्या मिश्रणातून घडलेली त्यांची बोली आई-वडिलांनाही पुरती उमगत नसे. १९४२ मध्ये जपानी-वंशीय नागरिकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यानंतर शहरातील वृत्तपत्रांचा रोख मेक्सिकन-वंशीयांकडे वळला.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘स्लीपी लगून’ नावाच्या जलाशयानजीक होसे डियास हा तरुण मरणोन्मुख अवस्थेत सापडला व नंतर मरण पावला. पोलिसांनी सु. ६०० तरुणांची धरपकड केली आणि त्यांपैकी २२ जणांवर एकत्रित खटला भरला. खटल्याच्या सुरुवातीच्या काळात आरोपींना केस कापू देण्यात आले नाहीत व कपडेही बदलू देण्यात आले नाहीत. त्यामुळे त्यांचे रूपच त्यांच्याविरुद्ध पुरावा बनले. शेरीफच्या कार्यालयातील एडवर्ड ड्युरन एअर्स या अधिकाऱ्याने ग्रँड ज्यूरीपुढे सादर केलेल्या अहवालात मेक्सिकनांची हिंसक वृत्ती त्यांच्या रक्तातच असल्याचे प्रतिपादन केले होते. जानेवारी १९४३ मध्ये १७ जण दोषी ठरले. पुराव्याचा अभाव आणि आरोपींना वकिलांशी मोकळेपणी बोलू न देणे या कारणांवरून अपील न्यायालयाने ऑक्टोबर १९४४ मध्ये या सर्व शिक्षा रद्द केल्या.

मधल्या काळात शहरात तैनात असलेले नाविक आणि स्थानिक तरुण यांच्यात चकमकी वाढत गेल्या. ३ जून १९४३ रोजी नौदलाच्या शस्त्रागारातून निघालेल्या सु. ५० नाविकांनी झूट सूट घातलेल्या तरुणांचा शोध घेत हल्ले केले. पुढील दिवसांत नाविक टॅक्सींच्या ताफ्यांतून मेक्सिकन वस्त्यांत फिरले. ७ जूनच्या रात्री सैनिक, नाविक व नागरिक यांचा हजारोंचा जमाव शहराच्या मध्यभागी जमला. चित्रपटगृहांतील दिवे लावावयास लावून प्रेक्षकांतून तरुणांना ओढून काढण्यात आले, ट्रॅमगाड्या थांबविण्यात आल्या. पकडलेल्या तरुणांना मारहाण करून त्यांचे कपडे उतरविणे, ते फाडणे वा जाळणे आणि केस कापणे, असा ठरावीक क्रम होता. काही कृष्णवर्णीय व फिलिपिनो तरुणही त्यात सापडले. हल्ल्याला बळी पडलेल्यांपैकी कित्येकांच्या अंगावर झूट सूट नव्हताही. पोलीस बहुधा मागाहून येत आणि जखमींनाच अटक करीत. पाचशेहून अधिक मेक्सिकन-वंशीय याप्रकारे पकडले गेले. ८ जून रोजी लष्करी अधिकाऱ्यांनी सैनिकांना शहरात जाण्यास बंदी केली. त्यानंतर दंगल ओसरली. सुदैवाने या दंगलींत कोणी मृत्युमुखी पडले नाही.

९ जून रोजी नगरपरिषदेने शहरात झूट सूट घालण्यास बंदी करण्याचा ठराव संमत केला. तथापि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. दंगलीमागे वंशद्वेष असल्याचे नगराध्यक्ष फ्लेचर बॉरन याने नाकारले. उलट, राज्यपाल अर्ल वॉरन याने नेमलेल्या समितीने वंशद्वेष हे प्रमुख कारण असल्याचे आणि वृत्तपत्रांनी तो भडकविल्याचे नमूद केले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझव्हेल्ट यांनी मेक्सिकन-वंशीयांविषयीच्या जुन्या भेदभावाकडे बोट दाखविले, तेव्हा स्थानिक वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. त्याच उन्हाळ्यात डिट्रॉइट आणि हार्लेम येथेही प्राणघातक वांशिक दंगली झाल्या.

यूरोपातील समांतर प्रवाह : याच काळात जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये ‘झाझू’ नावाने ओळखले जाणारे तरुण पुढे आले. कॅलोवेच्या एका गाण्यातील निरर्थक ध्वनींवरून हे नाव पडले असावे. लांब कोट, आखूड व अरुंद विजारी, तेल चोपडलेले लांब केस आणि पाऊस असो वा नसो हाती छत्री, असा त्यांचा थाट असे. तरुणी रुंद खांद्यांचे जाकीट, आखूड घागरे व जाड लाकडी तळाचे बूट वापरीत. सार्वजनिक नृत्यास बंदी असल्याने ते कॅफे, तळघरे व खाजगी घरे यांत जमून स्विंग संगीत ऐकत व नाचत. कापडटंचाईच्या दिवसांतील त्यांचा हा थाट व्हिशी सरकारच्या समर्थकांना असह्य झाला. १९४२ च्या उन्हाळ्यात फॅसिस्ट युवक संघटनांनी त्यांना रस्त्यांत गाठून त्यांचे केस कापले. त्याच वर्षी ज्यूंवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली, तेव्हा काही झाझूंनी ‘स्विंग’ हा शब्द लिहिलेले तारे लावून तिची टर उडविली. युद्धोत्तर सोव्हिएट रशियात पाश्चात्त्य संगीताच्या नादी लागलेल्या भडक वेशाच्या तरुणांना ‘स्तिल्यागी’ म्हणत. १९४९ मध्ये क्रोकोडिल या विनोदी नियतकालिकाने त्यांच्यावर उपरोधिक लेख छापला होता. या देशांतील राजवटी परस्परांहून अगदी भिन्न होत्या. पण रात्री नाचणाऱ्या तरुणांचे कपडे व केस शिस्तीला आव्हान देतात, ही भीती त्यांना समान होती.

अर्थनिर्णय : झूट सूट हे राजकीय प्रतिकाराचे साधन होते, की केवळ तारुण्यसुलभ नटवेपण, याविषयी मतभेद आहेत. कृष्णवर्णीय लेखक चेस्टर हाइम्झ याने जुलै १९४३ मध्येच, लॉस अँजेल्समधील प्रकार म्हणजे वांशिक दंगलच होय, असे स्पष्ट प्रतिपादन केले. झूट सूटमध्ये खोल राजकीय अर्थ दडलेला असू शकेल आणि पुढाऱ्यांनी तो समजून घ्यावा, असे रॅल्फ एलिसनने त्याच वर्षी सुचविले. मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पाझ (१९६२ ते १९६८ या काळात भारतातील मेक्सिकोचा राजदूत) याने आपल्या १९५० मधील निबंधसंग्रहाचा पहिलाच निबंध पाचूकोवर लिहिला. मेक्सिकन परंपरा व अमेरिकन समाज या दोहोंपासून तुटलेला आणि आपल्या वेशाने समाजाला डिवचून त्याचा राग ओढवून घेणारा, असे पाचूकोचे चित्र त्याने रंगविले. पुढील काळातील अनेक मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासकांना ते अन्यायकारक वाटले.

स्ट्युअर्ट कॉसग्रोव्ह (१९८४) याने या पोशाखात दुय्यमत्व नाकारण्याची कृती पाहिली. लुईस अल्व्हारेझ (२००८) याने निरनिराळ्या वंशांच्या तरुणांनी त्यातून आत्मसन्मान कसा मिळविला ते दाखविले, तर कॅथरिन रामिरेझ (२००९) हिने आजवर दुर्लक्षित राहिलेल्या तरुणींकडे लक्ष वेधले. कॅथी पाइस (२०११) हिने मात्र सावधगिरीचा इशारा दिला आहे : हा पोशाख करणाऱ्या बहुसंख्यांना तो आवडत होता म्हणून ते तो घालीत; त्यांच्या प्रत्येक चुणीत बंड शोधणे योग्य नव्हे. खुद्द मॅल्कम एक्सनेही उत्तरायुष्यात केस सरळ करण्याच्या आपल्या हौसेला आत्मावमाननेचे पाऊल म्हटले होते.

ही मते परस्परविरोधी वाटली, तरी त्यांचा मेळ बसू शकतो. पोशाख करणाऱ्याचा हेतू आणि पोशाखाला समाजात प्राप्त झालेला अर्थ या दोन भिन्न गोष्टी होत. तरुणांनी झूट सूट शिवून घेतला, तो प्रामुख्याने देखणे दिसण्यासाठी व चांगले नाचण्यासाठी. त्याला राजकीय अर्थ आला, तो बऱ्याच अंशी रेशनिंगच्या आदेशांनी, न्यायालयातील युक्तिवादांनी आणि तो फाडणाऱ्या हातांनी. ज्यांनी दुसऱ्याच्या नजरेतून सुटून राहावे अशी अपेक्षा होती, त्यांनी उठून दिसणे पसंत केले, एवढे मात्र निश्चित.

उत्तरकाल : युद्धानंतर हा पोशाख हळूहळू मागे पडला, तथापि जर्मान व्हाल्देस ऊर्फ तीन-तान या मेक्सिकन विनोदी नटाने पाचूकोची भूमिका पडद्यावर लोकप्रिय केली. शेतमजुरांचा नेता सेसार चावेझ हाही तरुणपणी झूट सूट घालीत असे. १९६० नंतरच्या चिकानो चळवळीने पाचूकोला आपला पूर्वज मानले. लुईस व्हाल्देझ याचे झूट सूट हे नाटक १९७८ मध्ये लॉस अँजेल्स येथे आणि १९७९ मध्ये ब्रॉडवेवर सादर झाले. त्यावरील चित्रपट १९८१ मध्ये निघाला व २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत समाविष्ट झाला. त्या काळातील अस्सल झूट सूट आज अत्यंत दुर्मिळ आहेत. काही वापरून झिजले, काहींचे कापड दुसऱ्या कपड्यांसाठी उपयोगात आणले गेले, तर काही १९४३ च्या जूनमध्ये रस्त्यांवर जळाले. त्यांतून वाचलेला, १९४०–४२ च्या सुमाराचा एक सूट लॉस अँजेल्स काउंटी कलासंग्रहालयात जतन करण्यात आला आहे.